जुना स्टोरेज हीटर दुपारीच गार पडतो, काढून टाकू की दुरुस्त करू?

ओसरी:
नमस्कार मंडळी, आमच्या हॉलमधे भिंतीला लावलेला विटांचा स्टोरेज हीटर आहे, रात्री स्वस्त दराच्या सात तासात तापतो आणि दिवसभर ऊब सोडतो तो प्रकार. पंचवीस वर्षांचा तरी असेल. गेल्या हिवाळ्यापर्यंत निभावलं पण यावर्षी पहाटे खोली नको इतकी गरम होते आणि दुपारी एक वाजला की हीटर निवायला लागतो, संध्याकाळी पत्रा पार गार. आई दिवसभर त्याच खोलीत असते, थंडीने तिचे गुडघे धरतात, म्हणून संध्याकाळी साधा फॅन हीटर लावते, तो दिवसाच्या महाग दरात चालतो आणि या महिन्याचं बिल बघून पोटात गोळाच आला. वर दोन नॉब आहेत, इनपुट आणि आउटपुट, १ ते ६ आकडे, मी दोन्ही ६ वर ठेवलेत, म्हटलं मिळेल तेवढी ऊब मिळूदे. सगळे म्हणतात जुना झालाय, वीज खातो, काढून टाक. नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत, हा हिवाळा यावरच काढायचाय. काय करता येईल?

तारजोडी:
ताई, आज झोपायच्या आधी आउटपुट १ वर आणा, बाकीचं नंतर. जुना झाला म्हणून वीज खातो हे मला अजिबात पटत नाही, इतकी वर्षं हीटर दुरुस्त करतोय आणि दरवेळी हेच ऐकतो. एलिमेंट नवा असो की जुना, आत गेलेल्या विजेची उष्णताच होणार, ती दुसरीकडे कुठे जाणार? बिघडतं ते ऊब बाहेर पडायचं टायमिंग. आत लोहखनिजाच्या जड विटा असतात, त्या रात्रीतून कित्येकशे अंशांपर्यंत तापतात, भोवती इन्सुलेशन आणि वर एक झडप. इनपुट म्हणजे रात्री किती साठवायचं, आउटपुट म्हणजे ती झडप किती उघडायची. तुम्ही ती ६ वर ठेवलीत म्हणजे विटा तापत असतानाच त्यांच्यातून हवा फिरून ऊब बाहेर, तीही सगळे झोपेत असताना. गळक्या माठात पाणी भरतोय आपण. रात्री १, आणि दुपारनंतर खोली गार वाटायला लागली की दोन, तीन असं वाढवत न्यायचं.

आता सकाळी उठल्यावर वरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर हात धरा. नुसती कोमट हवा लागली तर झडप नीट बंद होतेय. १ वर असूनही भसाभस गरम हवा आली तर झडप अडकलीय किंवा नॉबची दांडी आतून सुटलीय, नॉब फिरवताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर बहुतेक दांडीच. तो छोटा पार्ट आहे, त्यासाठी हीटर फेकायची गरज नाही.

पागोळी:
वरचं सगळं बरोबर पण मीटर बघा हो आधी! आमच्याकडे एकदा बराच वेळ लाईट गेली होती, तेव्हापासून टायमरचं घड्याळ तेवढंच मागे पडलं आणि हीटर सकाळी महाग दर सुरू झाल्यावरही तापत राहिला, आम्हाला महिनाभर पत्ताच नाही. झोपताना आणि उठल्यावर रात्रीचं आणि दिवसाचं दोन्ही रीडिंग लिहून ठेवा. आणि हीटरच्या बाजूला लेबल असतं, त्यावर किलोवॅट दिलेले असतात तेही बघा.

सांजवात:
काढून टाकायच्या सल्ल्याबद्दल मनापासून सांगतो, मी तेच केलं आणि पस्तावलो. त्याजागी साधा पॅनल हीटर लावला, दिसायला सुंदर, पण तो हवा तेव्हाच वीज घेतो म्हणजे दिवसा, आणि दोन दरांच्या प्लॅनमधे दिवसाचा दर चढाच असतो. हीटर काढणार असाल तर प्लॅन पण बदलायला लागतो, तो हिशोब आधी करा. अजून एक, पडदा हीटरवर लोंबत असेल तर वर बांधून घ्या, आणि त्यावर ओले कपडे वाळत घालू नका, आतली उष्णता अडते, सेफ्टी कटआऊट पडतो आणि आगीचीही भीती असते.

ओसरी:
सगळ्यांचे आभार! आउटपुट १ वर केल्याने फरक पडला, आता तीनपर्यंत ऊब राहते, सकाळी जाळीवर हवा कोमटच होती. टायमर बरोबर वेळेला चालू बंद होतोय. लेबलवर २.५५ किलोवॅट आहे. काल रात्री फ्रीजसकट घरातलं बाकी सगळं बंद ठेवून रीडिंग घेतलं, सात तासात १२ युनिट पडले. हे ठीक आहे का?

तारजोडी:
नाही ताई, इथेच सापडलं बघा. २.५५ किलोवॅटच्या हीटरमधे साधारण ८५० वॅटचे तीन एलिमेंट असतात. सात तास तिन्ही चालले तर १७.८५ युनिट पडायला हवेत. दोनच चालले तर ११.९. इनपुट ६ वर आहे आणि संध्याकाळपर्यंत विटा पार गार होतायत, म्हणजे थर्मोस्टॅटने मधेच तोडलं असंही नाही. एक एलिमेंट गेलाय. कटआऊट पडला असता तर अख्खा हीटरच गार राहिला असता.

इलेक्ट्रिशियनला हेच आकडे सांगा, तो मल्टिमीटरने तपासेल, चांगला एलिमेंट ६०-७० ओहम दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. पण तुम्ही स्वतः कव्हर उघडू नका, कळकळीने सांगतोय. बंद केल्यावरही विटा खूप वेळ गरम राहतात, दोन दिवस आधी बंद ठेवा. काही मॉडेलना दोन वेगळ्या लाईन असतात, एक रात्रीची, एक कायम चालू, दोन्ही तोडाव्या लागतात. आणि विटांसकट अख्खा हीटर शंभर किलोच्या वर जाऊ शकतो, भिंतीपासून हलवायचाच नाही, विटा समोरून एकेक काढायच्या. तुमचा तेवढा जुना नाही, पण वाचणाऱ्या कोणाचा १९७० च्या दशकातला असेल तर आत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तो तपासून घेतल्याशिवाय उघडूच नये.

ओसरी:
उशिरा लिहितेय, माफ करा. मधल्या पट्टीतला एलिमेंटच तुटला होता, कॉइल चक्क दोन तुकडे होऊन विटांच्या खाचेत पडलेली, मी स्वतः बघितली. नवीन बसवला. तो माणूस आतली धूळही साफ करून गेला. परवा रात्री १७.६ युनिट, आणि काल संध्याकाळी सातला आई हीटरजवळ खुर्ची ओढून बसली होती, फॅन हीटर लावावाच लागला नाही. फक्त आउटपुटचा नॉब ४ च्या पुढे जात नाही, अडकतो. तसाच वापरला तर चालेल का?

तारजोडी:
छान झालं ताई! चालेल, जोर लावून फिरवू नका. रात्री १ वर पूर्ण बंद होतोय ना तेवढं सकाळी हात धरून बघत जा. आईंना नमस्कार सांगा.