'आम्ही कोण?'चं विडंबन: ओळ चालीत बसत नाही

कोथरूडकर:
कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर वाचायला केशवसुतांच्या 'आम्ही कोण?'चं विडंबन लिहितोय, विषय अर्थातच कमिटी. पहिल्याच ओळीला घोडं अडलंय:
आम्ही सोसायटीचे सेक्रेटरी, आम्हीच ठरवू नियम
काय चुकतंय? आणि मूळच्यासारख्या चौदा ओळी फार होतील का?

लघुगुरू:
मूळ वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत 19 अक्षरं, बाराव्यानंतर यती, म्हणजे छोटा थांबा (गा = गुरू, लांब अक्षर; ल = लघु, आखूड अक्षर):
गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा
चौथं अक्षर लघु हवं, तुमचा 'सा' गुरू. तिथेच चाल मोडते. शब्द काढू नका, हलवा. 'सोसायटी' आणि 'सेक्रेटरी' दोन्ही गागालगा, यतीनंतर अलगद बसतात. नमुना घ्या:
पाणी बंद करू सकाळ सगळी, नोटीस लावू मग
जोडाक्षराआधीचं ह्रस्व अक्षर गुरू होतं ('हप्ता'तला ह), पण 'म्ह'चा आघात येत नाही, म्हणून 'तुम्ही'तला तु लघुच. बहुतेक जण इथेच फसतात.

कोथरूडकर:
शेवटचा 'ग' लघु आहे की!

लघुगुरू:
चरणाच्या शेवटी लघु असला तरी गुरू धरतात. म्हणताना लांबवायचा.

पेठेतला:
वृत्त सुटलं म्हणजे विडंबन झालं असं नव्हे. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये (1925) याच कवितेचं विडंबन केलंय, ते आधी वाचा. कवीचा रुबाब जसाच्या तसा, विषय मात्र टीचभर. तेव्हा 'आमुची', 'अवघी' अशी भारदस्त भाषा सोडू नका, आणि तिच्यात टाकीचा व्हॉल्व्ह नि मेंटेनन्सची पावती आणा. सभासदांची नावं घालू नका, हशा बाजूला राहून भांडणं होतील. आठ ओळी पुष्कळ. आधी मूळच्या दोन ओळी म्हणा, नाहीतर ज्यांना कविता माहीत नाही ते नुसते बघत बसतील. रेकॉर्डिंग टाकायलाही हरकत नाही. केशवसुत 1905 साली गेले, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षं. सिनेमाच्या गाण्यांचं मात्र तसं नाही.

कोथरूडकर:
हे बघा:
चावी ही अमुची, म्हणून अवघी सोसायटी आमुची

लघुगुरू:
चोख बसली! आता वरच्या ओळीत 'लावू मग'ऐवजी 'ये मागुती' करा. यमक जरा ओढूनताणून आहे, पण गच्चीवर खपेल.