पंप रूममागचा चेंबर आणि बी विंगचं दुपटं

*माई (बी-२०१), सकाळी ७.०५*
सुप्रभात. सकाळी सकाळी तक्रार करायची नव्हती, पण आता राहवत नाही. फोटो टाकलाय, बघा. माझ्या आईच्या जुन्या सुती साडीची मी चार दुपटी शिवली होती, त्यातलं हे एक. काल रात्री गॅलरीत दोरीवर वाळत होतं. सकाळी घडी घालायला घेतलं तर मध्ये रुपयाएवढं भोक, कड तपकिरी, आणि सिगारेटचं थोटूक तिथेच अडकलेलं. नात दीड महिन्याची आहे. ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा मी गप्प बसले.

*काकू (ए-२०२)*
अरे देवा! माई, बाळ ठीक आहे ना?

*माई (बी-२०१)*
बाळ आत होतं. पण दुपटं पेटलं असतं तर? गॅलरीचं दार रात्रभर उघडं असतं.

*अप्पा (बी-४०१)*
माई, मी तुमच्या वरच्या लाइनीतलाच. आधीच सांगतो, मी १९९८ ला सोडली. आमच्या घरात काडेपेटीसुद्धा नाही, लायटर आहे तो गॅसचा.

*दादा (बी-५०१)*
अप्पा, तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आता राहिलो ३०१ आणि आम्ही. ३०१ बंद आहे. म्हणजे नाव न घेता नाव घेऊन झालं.

*अप्पा (बी-४०१)*
मी फक्त माझं सांगितलं.

*सेक्रेटरी (ए-३०२), ७.४०*
सर्व सभासदांना नमस्कार 🙏 प्रकार गंभीर आहे. सांडपाण्याचा चेंबर तुंबतो म्हणून शुक्रवारी लावलेल्या सूचनेत पातळ प्लास्टिक पिशव्या गेटच्या आत आणायला बंदी होतीच. त्यात आता हेही घेऊ: गॅलरी, जिना, गच्ची, पार्किंग या ठिकाणी धूम्रपान पूर्ण बंद. दंड ५०० रुपये, मेंटेनन्सच्या बिलात लावला जाईल.

*नाना (ए-१०१)*
सर्वसाधारण सभेचा ठराव क्रमांक कळवावा.

*दादा (बी-५०१)*
गॅलरी माझ्या फ्लॅटमध्ये येते. कार्पेट एरियात तिचे पैसे मोजलेत. सिगारेट दुकानात उघड विकली जाते, तिच्यावर सरकार कर घेतं. मी ती माझ्या घरात ओढतो. घरात आईला दम्याचा त्रास आहे म्हणून गॅलरीत जातो, तेही रात्री अकरानंतर. यात सोसायटीचा संबंध काय?

*ताई (ए-४०४)*
दादा, आईला त्रास नको म्हणून बाहेर जाता हे बरंच आहे. पण त्या बाहेरच्या खाली माईंची दोरी आहे.

*काकू (ए-२०२)*
मध्येच विचारते, कुणाकडे विरजण आहे का? पाहुणे येतायत.

*माई (बी-२०१)*
आहे. वाटी घेऊन या.

*वकीलसाहेब (बी-१०२), ८.१५*
थोडं स्पष्ट करतो. सार्वजनिक जागी धूम्रपानाची बंदी २००३ च्या कायद्यातली, आणि त्याचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. दंड २०० रुपयांपर्यंत. त्याही आधी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांवरच्या धूम्रपानाला मनाई केली होती. मुद्दा असा की जो ओढत नाही त्याला दुसऱ्याचा धूर का गिळायला लावायचा, त्याच्याही जगण्याच्या हक्काचा प्रश्न आहे. पण स्वतःचं घर या कायद्यात येत नाही. त्यामुळे ५०१ चं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर. लिफ्ट, जिना, गच्ची ही सामायिक जागा, तिथले नियम सोसायटीला करता येतात. ते सभेत व्हायला हवेत.

*नाना (ए-१०१)*
हेच मी म्हणतोय. सर्वसाधारण सभेचा ठराव क्रमांक कळवावा.

*सेक्रेटरी (ए-३०२)*
नाना, सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायचीच आहे. तोवर लोकांचं घर पाण्यात बुडू द्यायचं का? शुक्रवारी रात्री चेंबर तुंबून पार्किंगमध्ये पाणी कुठवर होतं ते आपल्याला माहीत आहे. आपली स्कूटर माझ्याच मुलाने ओढून काढली.

*नाना (ए-१०१)*
त्याबद्दल आभारी आहे. ठराव क्रमांक कळवावा.

*दादा (बी-५०१)*
आणि थोटूक फेकल्याचं म्हणाल, तर मी राखेचा डबा ठेवतो. माझंच आहे हे कुणी ठरवलं? पुरावा?

*भाऊ (ए-५०२)*
थोटकाची डीएनए टेस्ट करा 😄

*सेक्रेटरी (ए-३०२)*
विनंती आहे, विनोद नकोत.

*ताई (ए-४०४), ८.५०*
सेक्रेटरी काका, मला शुक्रवारच्या सूचनेबद्दल बोलायचंय, आणि सगळ्यांसमोर. काल संध्याकाळी मी गेटवर होते. आपल्याकडे चार घरी काम करणाऱ्या मावशींना वॉचमनने अडवलं. हातात पातळ पिशवी होती. ती सगळ्यांदेखत रिकामी करायला लावली. डबा, बदलायचे कपडे, मेथीची जुडी, पाच रुपयांची कोथिंबीर. पिशवी त्याने ठेवून घेतली. मावशी ते सगळं पदरात धरून लिफ्टपर्यंत गेल्या. मेथी जिन्यात सांडली, ती मी गोळा केली. त्याच पाच मिनिटांत दोन डिलिव्हरीवाली मुलं आत गेली, कारण वरून ओके आलं होतं. एकाच्या पिशवीत काकड्यासुद्धा एकेक करून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

*काकू (ए-२०२)*
कुठल्या मावशी? आपल्या?

*ताई (ए-४०४)*
हो, आपल्याच. तुमच्याकडच्याही.

*सेक्रेटरी (ए-३०२)*
वॉचमनला सूचना सर्वांसाठी सारखीच होती.

*ताई (ए-४०४)*
काका, सूचना सारखी असेल. पण वॉचमन अडवणार कुणाला? जो त्याला उलट बोलू शकत नाही त्यालाच. तुम्हाला अडवेल? मला अडवेल? माझ्या गाडीच्या डिकीत काय असतं ते त्याने कधी बघितलं नाही, बघणारही नाही. बंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दहा वर्षं झाली, मी कापडी पिशवीशिवाय खाली उतरत नाही. पण गेटवरचा हा प्रकार आजपासून बंद व्हायला हवा, आणि मावशींना कुणीतरी सॉरी म्हणायला हवं.

*वकीलसाहेब (बी-१०२)*
ताईंशी सहमत. कुणाची पिशवी उघडून बघायचा अधिकार वॉचमनला नाही. प्लास्टिकचा दंड करणं हे पालिकेचं आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांचं काम.

*दादा (बी-५०१)*
बघा! आज पिशवी, उद्या गॅलरी, परवा स्वयंपाकघरात डोकावतील.

*ताई (ए-४०४)*
दादा, माझ्या बोलण्याचा तो अर्थ काढू नका प्लीज. मावशींची पिशवी तपासणं चूक आहे म्हणून तुमचं थोटूक बरोबर होत नाही.

*ट्रेझरर (ए-१०३)*
चेंबरचा खर्च माझ्या वहीत आहे, सांगतो. मागच्या वर्षी दोनदा, यंदा जूनमध्येच एकदा. माणसं आणि मशीन धरून प्रत्येक वेळी साडेसहा हजार. हा पैसा सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातो, पिशवी टाकणाऱ्याच्याही आणि न टाकणाऱ्याच्याही.

*अप्पा (बी-४०१), ९.२०*
मी जुना माणूस आहे, थोडं सांगतो. २६ जुलै २००५ ला मी सांताक्रूझला ऑफिसात होतो. त्या दिवशी तिथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी चालत निघालो, रुळांवरून. जिथे जिथे पाणी ओसरत होतं तिथे झाडाच्या फांद्यांना, कुंपणांच्या तारांना, गाड्यांच्या बंपरला पिशव्याच पिशव्या. त्यानंतर ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदीचा नियम आला. आम्ही काय केलं? दुकानदार म्हणायचा ही जाड आहे, आम्ही घ्यायचो. बोटांनी चोळून मायक्रॉन कळतात का कुणाला? मग २३ मार्च २०१८ ची राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली, तीन महिने मुदत दिली, २३ जूनपासून दंड. पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. तेव्हा महिनाभर सगळा बाजार कापडी पिशव्या घेऊन फिरत होता. आठवतं ना? मग परत येरे माझ्या मागल्या.

*काकू (ए-२०२)*
आठवतं तर. मासेवाली म्हणाली, डबा आणा. मी डबा नेला तर ती म्हणाली, ताई एवढा मोठा पापलेट यात कसा मावेल 😀

*भाऊ (ए-५०२)*
पापलेट कुठून घेता? भाव काय चाललाय?

*काकू (ए-२०२)*
स्टेशनच्या पुलाखाली. भावाचं विचारू नका.

*दादा (बी-५०१)*
अप्पा, तुम्हीच बोललात. २००५ पासून नियमांवर नियम. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी आपल्या जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स लावायला लागल्या. बंदीने काय झालं? पातळ पिशवी बनवणारा कारखाना चालू, माझ्या हातातली पिशवी गुन्हा. आधी कारखाने बंद करा.

*ताई (ए-४०४)*
यातलं कारखान्याचं मला पटतं. २०१८ ची बंदी उत्पादनावरसुद्धा आहे, आणि ती तिथे नीट लागू व्हायला हवी. पण तोवर आपला चेंबर आपणच तुंबवायचा का?

*नाना (ए-१०१)*
दोन्ही विषयांवर सर्वसाधारण सभेचा ठराव क्रमांक कळवावा.

*सेक्रेटरी (ए-३०२), ९.४५*
नाना, ठराव नाही. ठराव झालेला नाही. हे आपण चौथ्यांदा विचारताय, म्हणून लेखी देतो. मी अकरा वर्षं हे काम फुकट करतोय. शुक्रवारी रात्री दोन वाजता रेनकोट घालून पंप रूममागे मी उभा होतो, कमिटीतले बाकीचे झोपले होते. ज्यांना माझं काम पटत नाही त्यांनी येत्या निवडणुकीत अर्ज भरावा.

*ट्रेझरर (ए-१०३)*
मी पण होतो हो.

*सेक्रेटरी (ए-३०२)*
तुम्ही अडीचला आलात.

*सून (बी-३०४), १०.१०*
मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. शनिवारी चेंबर उघडला तेव्हा मी मुलाला घेऊन खाली उभी होते. चेंबरमधून काय निघालं ते इथे कुणी सांगत नाहीये. कॅरी बॅग निघाल्या, सहा-सात. पण त्यांच्याहून जास्त निघाले ते दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. छोटे छोटे तिकोनी तुकडे, पांढरे-निळे. ओंजळ ओंजळ निघाले. सिंकमध्ये पडतात आणि आपण पाणी सोडतो. काम करणाऱ्या दादांनी ते जाळीतून बोटांनी उपटून काढले, एका हातात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता.

*काकू (ए-२०२)*
अगं बाई. मी रोज तसंच कापते.

*सून (बी-३०४)*
मीही कापायची. दुधाच्या पिशवीवर बंदी नाही, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. आता कोपरा पूर्ण तोडत नाही. कात्रीने छोटा काप देते आणि तुकडा लटकता ठेवते. पिशवी धुऊन, वाळवून एकात एक घालून ठेवली की भंगारवाला घेतो. सुटा तुकडा कोण घेणार?

*वकीलसाहेब (बी-१०२)*
हे खरंच माहीत नव्हतं.

*सून (बी-३०४)*
आणि आणखी एक, रागावू नका. वापरलेले पॅड आणि वेट वाइप्स पण निघाले. ते फ्लश करू नका.

*भाऊ (ए-५०२)*
हे ग्रुपवर लिहायची गरज होती का?

*माई (बी-२०१)*
होती. बरं केलंस गं. चेंबरमध्ये हात घालणाऱ्या त्या पोराला लाज वाटायची आणि आपण वाचायलाही लाजायचं का?

*सेक्रेटरी (ए-३०२), १०.४०*
वॉचमनशी बोललो. गेटवर कुणाचीही पिशवी तपासली जाणार नाही. मावशींना मी स्वतः भेटतो. त्या आज ए-२०२ ला किती वाजता येतात?

*काकू (ए-२०२)*
साडेअकराला. मी थांबवून ठेवते.

*ताई (ए-४०४)*
थँक यू काका. माझ्याकडे जुन्या चादरींच्या बारा पिशव्या शिवून तयार आहेत. वॉचमनच्या केबिनमध्ये खुंटीला लावते. ज्यांना हव्यात त्यांनी घ्या, पुन्हा आणून लावा. सेक्रेटरी काका, पहिली तुमच्या हाताने मावशींना द्या.

*सेक्रेटरी (ए-३०२)*
देतो. सभा पुढच्या रविवारी, सकाळी १०.३० वाजता, पार्किंगमध्ये. विषय १: कचरा वेगळा करणं आणि चेंबर. विषय २: सामायिक जागेत धूम्रपानबंदी. विषय ३: गॅलरीतून काहीही खाली टाकण्यास मनाई, मग ते थोटूक असो, केस असोत की कुंडीचं पाणी.

*काकू (ए-२०२)*
कुंडीचं पाणी माझ्यासाठी आहे, कळलं.

*नाना (ए-१०१)*
सभेची नोटीस लेखी व नियमाप्रमाणे पुरेशी आधी निघावी.

*दादा (बी-५०१), ११.०५*
विषय १ आणि ३ ला माझा विरोध नाही. विषय २ मध्ये जिना आणि गच्ची ठीक. गॅलरीबद्दल मी सभेत बोलणार, आणि माझं मत बदलणार नाही.

*दादा (बी-५०१)*
राखेचा डबा आता बघितला. कठड्यावर ठेवतो तो. काल रात्री वारा होता, आडवा पडलाय. आत घेतलाय.

*दादा (बी-५०१)*
माई, संध्याकाळी घरी आहात का?

*माई (बी-२०१)*
आहे. ये. बेल वाजवू नकोस, बाळ झोपलेलं असतं.