रिस्टोअर, मॉडिफाय, ओरिजिनल: जुन्या स्पोर्ट्स कारसाठी मराठीत काय म्हणाल?

फलकवाली: जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनाचे माहितीफलक मराठीत करतेय. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारपाशी घोडं पेंड खातंय. गाडी साठच्या दशकातली, मालक कोथरूडचे एक काका. मी आधी 'जीर्णोद्धार केलेली' असं लिहिलं. काका म्हणाले, "गाडी आहे, मारुतीचं देऊळ नाही." मग 'फेरफार केलेली' लिहिलं, तर भडकलेच: "फेरफार हिशेबात करतात!" गाडीला आता पाच गिअरचा बॉक्स आहे, मूळचा चारचा होता. इग्निशन, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक केलंय. रंगही मूळचा नाही. तरी काकांच्या मते गाडी 'एकदम ओरिजिनल'. शब्द सुचवा.

गंजका: 'मॉडिफाइड' लिहा आणि मोकळ्या व्हा. नाना पेठेत पार्ट घ्यायला गेलात आणि 'परिवर्तित वाहनासाठी हवाय' म्हणालात, तर दुकानदार चहा पाजून परत पाठवेल.

पाणिनीचा शेजारी: हेच ते. 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे सावरकरांचे शब्द आले तेव्हाही लोक हसलेच होते. आज मेयर कोण म्हणतं? 'रूपांतरित' लिहा. दहा जणांनी वापरला की रुळेल.

गंजका: सुरवंटाचं रूपांतर होतं. गिअरबॉक्स बदलल्याने एमजीबीची फुलपाखरं होत नाहीत.

शनवारातला: आमचे मिस्त्री 'मोडीफाय' म्हणतात, आणि माझ्या मते तोच खरा शब्द. मोड, मोडीत काढणे. आजीने तांब्याचं घंगाळ मोडीत देऊन स्टीलचा डबा आणला, तसं चांगलं इंजिन मोडीत घालून नवं बसवायचं म्हणजे मोडीफाय.

पाणिनीचा शेजारी: शब्द लॅटिन 'मोडस'वरून आलाय. त्याचा मोडीशी सुतराम संबंध नाही.

शनवारातला: संबंध नसेल, पण मिस्त्रींनी जोडला ना. शब्द असेच मराठी होतात.

सातबारा: 'फेरफार'ची उगाच बदनामी चालली आहे. आमचे वडील तलाठी होते. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, त्यात लबाडी कसली? बाप गेला, वारसांची नावं लागली, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, झाला फेरफार. गंमत बघा, तिथे जमीन तीच राहते आणि नाव बदलतं. काकांच्या गाडीत नाव तेच राहिलंय आणि माल बदललाय.

कार्बोरेटर: मालही सगळा सारखा नसतो हो. एमजीबी 1962 ला आली. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असायची, 1967 पर्यंत. आपल्याकडच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला ते उलटंच वाटतं. बरेच मालक ती उलटवून घेतात, नाहीतर साधा स्टिरिओ लावायचीही पंचाईत. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट मूळच्या लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगीची वीज वाटणाऱ्या डबीच्या, आतच बसतो. पॉइंट आणि कंडेन्सर हे आतले जुने भाग काढायचे, किट बसवायचा, वर तीच टोपी. बाहेरून दिसते फक्त एक जास्तीची वायर. जुने पॉइंट डिकीत ठेवले की अर्ध्या तासात गाडी होती तशी. याला आणि बॉडी कापून रुंद चाकं घालण्याला एकच शब्द कसा चालेल? परत फिरवता येतो तो 'बदल', येत नाही तो 'फेरफार', असं माझं साधं गणित.

फलकवाली: हे आवडलं. पण पाच गिअरच्या बॉक्सचं काय?

कार्बोरेटर: गिअरबॉक्सवरचा बोगदा, म्हणजे दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा, कापला असेल तर फेरफार. चारचा बॉक्स गॅरेजमध्ये कापडात गुंडाळून ठेवला असेल तर मी काकांच्या बाजूने.

गंजका: आणि कारखान्यानेच बदललं तर? 1974 च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर लावले आणि गाडी उंच केली. वळणावर ती आधीसारखी बसत नाही. आता कोणी गाडी पुन्हा खाली आणून क्रोमचे बंपर लावले, तर गाडी मॉडिफाय झाली की सुधारली? शौकीन लोक याला बिघडलेलं दुरुस्त करणं म्हणतात.

वज्रलेप: 'जीर्णोद्धार' इतक्या सहज सोडू नका. देवळाच्या जीर्णोद्धारात काम सुरू करण्यापूर्वी मूर्तीतलं तेज विधीने कलशात घेतात. मग दगड बदलला तरी देव तोच. गाडीत कलश कुठला, एवढंच ठरवायचं. आणि मूर्ती झिजली की तिला वज्रलेप करतात. गंजरोधक रंगाला हा शब्द फुकट घ्या.

कार्बोरेटर: सरकारी कलश चासी नंबर. पण एमजीबीला वेगळी चासीच नाही, बॉडी हीच चासी. आणि 1988 पासून तिची अख्खी बॉडीशेल, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, इंग्लंडमध्ये नवी मिळते, जुन्याच साच्यांवर दाबलेली. गंजलेली शेल टाकली, नवी आणली, इंजिन-दारं-डॅशबोर्ड इकडून तिकडे लावले. सांगा, कुठली गाडी राहिली? भंगारात गेली ती की रस्त्यावर आहे ती?

सातबारा: नंबराची पट्टी जिच्यावर आहे ती.

कार्बोरेटर: म्हणजे चार रिव्हेटवर ओळख टिकून आहे.

सातबारा: सातबारासुद्धा एक कागदच असतो.

शनवारातला: इथे 'अस्सल' आणि 'मूळ' यांत फरक करा. मूळ म्हणजे जसं निघालं तसं. अस्सल म्हणजे ज्याच्याबद्दल शंका नाही ते. लाल महाल घ्या. आत्ता उभा आहे तो महापालिकेने बांधलेला, 1988 साली पूर्ण झालेला. जागा मूळ, महाल नाही. त्याला अस्सल म्हणाल का?

पाणिनीचा शेजारी: 'अस्सल' अरबी 'अस्ल'वरून, आणि त्याचा अर्थच मूळ. तुम्ही एकाच मुळाच्या दोन फांद्यांत भांडण लावताय.

शनवारातला: व्युत्पत्ती एक, वापर दोन. 'अस्सल कोल्हापुरी' म्हणतो तेव्हा पहिली चप्पल कोणी शिवली ते विचारतो का?

वज्रलेप: या शब्दांवर इंग्लंडच्या हायकोर्टात खटला झालाय, 1990 साली. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली, 1929 आणि 1930 ला फ्रान्समधली ल मान्सची मोटारशर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात इतके बदल झाले की 1929 चं जवळजवळ काही उरलं नाही. सौदा 1 कोटी पौंडांच्या आसपासचा. घेणारा म्हणाला, ही ती गाडी नव्हेच. न्यायाधीशांनी 'ओरिजिनल' हा शब्द नाकारला, पण गाडी 'ऑथेंटिक' आहे असा निकाल दिला. कारण ती कधी नाहीशी झाली नव्हती, तिचं आयुष्य सलग होतं, आणि त्या नावावर दुसरी कुठली गाडी हक्क सांगत नव्हती. थोडक्यात, मूळ नाही पण अस्सल. शनवारातले, तुमचा मुद्दा कोर्टात टिकला.

गंजका: आपल्या कोर्टात टिकणार नाही. 2021 च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, आणि चासी, बॉडीशेल, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली. ती बेंटली पुण्यात असती तर व्हिंटेज गाड्यांची 'व्हीए'वाली नंबरप्लेट तिला नसती मिळाली. आणि कोब्राचं काय करता? एसी कंपनीची 'एस' (Ace) नावाची इंग्लिश गाडी, कॅरोल शेल्बीने 1962 ला त्यात अमेरिकन फोर्डचं व्ही-8 इंजिन घातलं, तीच कोब्रा. बाजारात कोब्राला किंमत आहे ती त्या 'फेरफारा'ची. आज कोणी त्यात 'एस'चं जुनं इंजिन परत घातलं, तर लोक त्यालाच बडवतील.

कार्बोरेटर: कोब्रा कंपनीने विकली हो. एकट्याने गॅरेजमध्ये केलं की मोडीफाय, कंपनीने केलं की मॉडेल.

पाणिनीचा शेजारी: म्हणून म्हणतो, 'रूपांतरित'.

गंजका: नका ना.

फलकवाली: मंडळी, फलक छापायला द्यायचाय. सध्या लिहिलंय: 'एमजीबी. बदल केलेली, मूळ भाग जपलेले. अस्सल गाडी.' काकांनी चारचा बॉक्स दाखवला, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर आहे. चालेल ना?

सातबारा: 'बदल केलेली' फार बुळबुळीत आहे. काय बदल, कधी, कोणी? नोंद करायची तर पूर्ण करा.

शनवारातला: बाकी ठीक, पण 'गाडी' खोडा. पुण्यात गाडी म्हणजे स्कूटर. 'मोटार' लिहा.

गंजका: मोटार विहिरीवर असते.

पाणिनीचा शेजारी: 'मोटार'सुद्धा लॅटिनच, 'मोटोर', हलवणारा. तुम्हाला 'वाहन' उच्चारायला नेमका त्रास काय होतो?