जखम धुवायच्या सलाईनचा क्लेम परत आला, ए४२१७ ला एयू लावू का?

नवखा_बिलर
मंडळी जरा मदत करा. अमेरिकेतल्या एका डीएमई (घरी लागणारं वैद्यकीय सामान) सप्लायरचं बिलिंग बघतो, तीनच महिने झालेत, आधी डॉक्टरांच्या ऑफिसचं करायचो त्यामुळे सप्लायची बाजू अजून डोक्यात बसत नाहीये. पेशंट घरी असतो, मेडिकेअर पार्ट बी (वयस्कर आणि अपंगांचा सरकारी विमा), ऑपरेशनची जखम उसवलीये आणि रोज ड्रेसिंग चालू आहे. ऑर्डरमध्ये एक लिटरच्या स्टराईल सलाईनच्या १० बाटल्या, धुवायला पिस्टनवाली सिरिंज आणि ४ बाय ४ चं स्टराईल गॉज. मी सलाईनला ए४२१७ चे १० युनिट, सिरिंजला ए४३२२, आणि गॉजला ए६४०२, त्याला ए१ (एका जखमेचं ड्रेसिंग) लावून असं पाठवलं. गॉजचे पैसे आले, बाकी दोन्ही लाईन नकाराचा कोड ९६, नॉन कव्हर्ड म्हणून परत. ऑर्डर आहे, डॉक्टरची नोट आहे, जखमेची मापं आहेत, मग अडलं कुठे? जखम धुतल्याशिवाय ड्रेसिंग करणार तरी कसं? शेजारच्या टेबलवरचा म्हणतो एयू मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरं) लाव आणि परत पाठव, पेड होतं. लावू का?

शिफ्ट_सकाळची
लाव बिनधास्त. आम्ही लावतो, येतात पैसे.

डिनायलवाली_ताई
अजिबात लावू नकोस!! वरच्या भाऊंनी पण थांबा प्लीज, हे ऑडिटमध्ये सापडलं ना तर पैसे तर परत जातीलच वर फॉल्स क्लेम्स ॲक्ट (सरकारला खोटी बिलं देण्याविरुद्धचा कायदा) आहे. एयू चा अर्थ ही वस्तू युरॉलॉजिकल (लघवीच्या मार्गाच्या), ऑस्टोमी (पोटावर केलेल्या छिद्राच्या) किंवा ट्रॅकिओस्टोमीच्या (श्वासासाठी गळ्यात केलेल्या छिद्राच्या) सामानासोबत दिली. तुझा पेशंट जखम धुतोय. म्हणजे एयू लावलं की तू मेडिकेअरला लेखी खोटं सांगितलंस, सिस्टीमने पैसे सोडले म्हणून ते खरं होत नाही.

आता अडलं कुठे ते सांगते. तू मेडिकल नेसेसिटी शोधतोयस, पण इथे तो प्रश्नच येत नाही. मेडिकेअरमध्ये आधी बघतात की वस्तू कुठल्या बेनिफिटमध्ये बसते, गरज आहे का ते त्याच्यानंतर. घरी लागणारं जखमेचं सामान सर्जिकल ड्रेसिंगच्या बेनिफिटखाली येतं आणि तो फक्त जखमेवर ठेवायच्या ड्रेसिंगला आहे. वूंड क्लेन्झर म्हणजे ए६२६०, धुवायचं सोल्युशन, गॉज ओलं करायला वापरलेलं सलाईन, हे सगळं मेडिकेअरच्या पॉलिसी आर्टिकलमध्ये नॉन कव्हर्ड म्हणून सरळ लिहिलंय. सिरिंजचं पण तेच, ए४३२२ ला पैसे मिळतात ते कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) बाजूने. डॉक्टरने दहा पानांची नोट लिहिली तरी फरक पडणार नाही. विचित्र वाटतं मान्य आहे, मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात गेलं होतं, ड्रेसिंग देणार पण धुवायचं पाणी नाही देणार. पण नियम तो आहे.

आणि अजून एक जे तू विचारलं नाहीस, गॉजचे पैसे आले म्हणून लगेच खूश होऊ नकोस. त्यातलं किती गॉज जखमेवर राहतं आणि किती नुसतं पुसायला जातं? पुसून फेकलेलं गॉज पण कव्हर्ड नाही. ऑर्डरची क्वांटिटी आणि दिवसाला किती वेळा ड्रेसिंग बदलतात ते जुळवून बघ एकदा.

युनिट_मास्तर
ताईंनी मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त युनिटवर बोलतो कारण तिथे कोणाचंच लक्ष गेलं नाही. ए४२१७ चं एक युनिट म्हणजे ५०० मिली. लिटरच्या १० बाटल्या म्हणजे २० युनिट, १० नाही. इथे तसेही पैसे येणार नव्हते म्हणून झाकलं गेलं. आमच्याकडे एकाने उलटं केलं होतं, ५०० च्या बाटल्या दिल्या आणि कोड टाकला ए४२१६, जो १० मिलीचा आहे, मग हिशोब बरोबर बसावा म्हणून एका बाटलीला ५० युनिट!! ए४२१६ त्या छोट्या फ्लशसाठी आहे. आणि कोणीतरी जे७०३० पण टाकतं सलाईन दिसलं की, तो १००० सीसी शिरेतून द्यायच्या सलाईनचा कोड आहे, बाटलीवर फक्त इरिगेशनसाठी असं लिहिलेलं असताना जे कोड टाकणं म्हणजे कमाल आहे. आत सलाईन एकच असलं तरी कोड ठरतो ते कशासाठी वापरलं त्यावर.

नवखा_बिलर
बापरे २० युनिट, हे तर लक्षातच नाही आलं. ताई थँक्यू, एयू लावत नाही. पण आता एक गोष्ट सांगतो, फाईल परत उघडली तर पेशंटला फोली कॅथेटर पण आहे, त्याचं सामान आम्हीच पाठवतो. मग एयू खरोखरच लागू होतं ना? खोटं नाही ना म्हणता येणार?

डिनायलवाली_ताई
हाहा पळवाट शोधलीस. नाही रे. पेशंटला कॅथेटर असणं पुरेसं नाही, *हे* सलाईन कॅथेटरसाठी गेलं पाहिजे. तुझ्या ऑर्डरवर काय लिहिलंय? जखम धुणे. विषय संपला. आणि समजा डॉक्टरने कॅथेटर धुवायला वेगळी ऑर्डर दिली तरी ठरलेल्या वेळी रोज धुतात त्याला रूटीन म्हणतात आणि ते नाकारतात. कॅथेटर अचानक तुंबला आणि त्यासाठी गरजेपुरतं धुतलं तरच ए४२१७ एयू लावून आणि सोबत सिरिंज किंवा ए४३२० चा ट्रे, दोन्हीतलं एक. ते तुंबणं नोटमध्ये दिसलं पाहिजे. आता पैसे अडकलेत म्हणून डॉक्टरच्या ऑफिसला फोन करून ऑर्डर बदलून मागायची हे तर मुळीच करू नकोस.

शिफ्ट_सकाळची
ओके ओके मी पण आमच्या लीडला विचारतो. आमच्याकडे टेपला पण एयू लावतात, ते तरी बरोबर आहे ना?

युनिट_मास्तर
टेप कशाला चिकटतोय त्यावर. कॅथेटर किंवा ऑस्टोमीच्या सामानासोबत असेल तर एयू, ड्रेसिंगसोबत असेल तर एडब्ल्यू. ए४४५० आणि ए४४५२ दोन्हीला. बहुतेक तुमच्याकडे हा घोळ टेपपासूनच सुरू झाला असावा, टेपचं बघून कोणीतरी सलाईनला पण लावायला लागलं.

रात्रपाळी_कोडर
थोडी वेगळी बाजू. तू आधी डॉक्टर ऑफिसला होतास म्हणून सांगतो, तिथे हा प्रश्न का आला नाही माहितीये? कारण तिथे सलाईन वेगळं बिल होतच नाही. ९७५९७ किंवा ११०४२ (जखमेतला मेलेला भाग काढायच्या प्रोसिजर) केलं की धुणं, गॉज, सलाईन सगळं त्या प्रोसिजरच्या पैशातच धरलेलं असतं, ९९०७० (जादा सामानाचा कोड) टाकलं तरी मेडिकेअर वेगळे पैसे देत नाही. हॉस्पिटलवाले रेव्हेन्यू कोड ०२७२ (स्टराईल सामान) खाली चार्ज दाखवतात पण तो बहुतेक वेळा पॅकेजमध्येच जिरतो. आणि जखमेवर निगेटिव्ह प्रेशरचा (ओढून घेणारा) पंप असेल तर ए६५५० च्या सेटमध्येच सामान धरलेलं असतं.

तुझ्या केसमध्ये मी सगळ्यात आधी एलिजिबिलिटीत (पेशंटच्या विम्याच्या नोंदीत) होम हेल्थ एपिसोड चालू आहे का बघेन. नर्स घरी येऊन ड्रेसिंग करत असेल आणि होम हेल्थचा प्लॅन चालू असेल तर ड्रेसिंगचं सामान त्या एजन्सीने द्यायचं असतं, कन्सॉलिडेटेड बिलिंग, म्हणजे सगळं एजन्सीच्याच बिलात. मग तुझे गॉजचे आलेले पैसे पण परत घेतील. रोज ड्रेसिंग म्हटलंस म्हणून शंका आली.

नवखा_बिलर
बघितलं. होम हेल्थ नाहीये, मुलगी करते घरी. हुश्श. गॉज दिवसातून एकदा बदलते, पुसायला वेगळं नॉन स्टराईल वापरते म्हणे, ते आम्ही दिलेलंच नाही. मग आता सलाईनचं काय, सोडून द्यायचं का? सेकंडरीला (दुसरा विमा) मेडिकेड आहे, कमी उत्पन्नवाल्यांचा, राज्याकडून चालणारा.

डिनायलवाली_ताई
मेडिकेड आहे हे आधी सांगायचंस ना! सोडू नको. ए४२१७ ला २० युनिट दुरुस्त कर, दोन्ही लाईनला जीवाय लाव, म्हणजे कायद्यानेच कव्हर्ड नाही हे तूच सांगतोस. ते पीआर ९६ (पीआर म्हणजे पेशंटची जबाबदारी) म्हणून परत येईल आणि तो नकार घेऊन मेडिकेडकडे जायचं. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, त्या राज्याच्या डीएमई मॅन्युअलमध्ये ए४२१७ शोध, महिन्याची लिमिट आणि प्रायर ऑथ (आधी मंजुरी) लागतं का ते बघ. मेडिकेड असल्यामुळे पेशंटकडून परस्पर पैसे मागायचे नाहीत, मॅन्युअल बघेपर्यंत तर अजिबात नाही.

बाकी नुसतं मेडिकेअर असलेल्या पेशंटला ही वस्तू देताना आधीच सांगायचं की पैसे तुम्हाला भरावे लागतील. कायद्याने वगळलेल्या वस्तूला एबीएन (पेशंटला आधी देऊन सही घ्यायची नोटीस) सक्तीचा नाही, पण स्वेच्छेने घेतलास तर जीवाय सोबत जीएक्स लावायचा. जीए वेगळा, तो मेडिकल नेसेसिटीवर नाकारतील असं वाटतं तेव्हाचा. या दोघांत गल्लत करू नकोस.

नवखा_बिलर
मॅन्युअल डाउनलोड केलं, शोधतोय. शेजारच्या टेबलवाल्याला हा धागा दाखवला, तो आता स्वतःचे जुने क्लेम काढून बसलाय आणि माझ्याशी बोलत नाहीये.