बुडीपूर्वी भराभर श्वास घेण्याविषयी

बुडी मारण्यापूर्वी वीस-पंचवीस वेळा भराभर खोल श्वास घेतल्यास दम जास्त टिकतो, असे वर एका सदस्याने लिहिले आहे. दम टिकतो हे खरे, पण त्यामागचे कारण घातक आहे. श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यतः प्राणवायू घटल्याने नव्हे, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते. भराभर श्वसनाने प्राणवायूचा साठा नगण्यच वाढतो. कार्बन डायऑक्साइड मात्र इतका खाली जातो की इशारा मिळण्याआधीच शुद्ध हरपू शकते, आणि तीही बहुधा वर येताना, पाण्याचा दाब कमी होत असताना.

सराव जमिनीवर, आडवे पडून करावा. आपल्या कमाल वेळेच्या साधारण निम्मा वेळ दम धरावा, 2 मिनिटे विश्रांती घ्यावी आणि पुढच्या प्रत्येक फेरीत दम तेवढाच ठेवून विश्रांती 15 सेकंदांनी कमी करावी. शेवटच्या फेऱ्यांत छातीखालचा पडदा आपोआप आचके देऊ लागतो. ते अंग सैल ठेवून सोसणे हाच या सरावाचा गाभा आहे.

सांगलीकर मित्रांनी आयर्विन पुलाखाली कृष्णेत सराव करण्याचा बेत मांडला आहे. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही मी तो सुचवणार नाही, कारण गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचा जोडीदारही दिसत नाही. जलतरण तलावातसुद्धा जोडीदार काठावर मोबाइल पाहत बसलेला नको (हे दृश्य दुर्मीळ नाही). तो पाण्यातच, हाताच्या अंतरावर हवा.