कॉन्सर्ट बँडचे संगीत सगळे उसनेच का?

खर्ज

ऑर्केस्ट्राच्या आवडत्या रचनांच्या धाग्यावर 'सप्तसूर' यांनी जाता जाता असे लिहिले की, कॉन्सर्ट बँडला, म्हणजे फुंकवाद्ये आणि तालवाद्ये यांच्या ताफ्याला, स्वतःचे संगीत नाही. त्यातले ऐकण्याजोगे ते ऑर्केस्ट्राकडून उसने आणलेले आणि उरलेले शाळकरी मुलांच्या सरावाचे. त्यावर कोणीही हरकत घेतली नाही, उलट वाहवाच झाली, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतो आहे.

इंग्रज संगीतकार होल्स्टचा ई-फ्लॅटमधला पहिला सुइट, म्हणजे छोट्या भागांची मालिका, १९०९ सालचा आहे आणि तो मुळात बँडसाठीच लिहिलेला आहे. त्यातला पहिला भाग, म्हणजे एकच चाल पुन्हा पुन्हा आणणारा शाकोन, युफोनियम आणि ट्यूबा या खर्जातल्या पितळी वाद्यांच्या आठ बारच्या (आवर्तनांच्या) चालीने सुरू होतो, आणि तीच चाल एका वाद्यसमूहाकडून दुसऱ्याकडे जात राहते. मध्यावर होल्स्ट तिला उलटी करतो, म्हणजे जिथे सूर चढत होते तिथे ते उतरू लागतात, आणि सगळा रंगच काळवंडतो. पुढचे दोन्ही भाग त्याच चालीच्या सुरुवातीच्या सुरांतून काढलेले असल्यामुळे मध्ये न थांबता सुइट सलग वाजवावा, अशी त्याची विनंती आहे. होल्स्टने तरुणपणी ट्रॉम्बोन वाजवून पोट भरले होते. पितळी वाद्यांच्या रांगेत बसून काय ऐकू येते आणि तिथल्या माणसाला केव्हा कंटाळा येतो, हे त्याला ठाऊक होते. हे ज्यांना सरावाचे संगीत वाटते, त्यांनी तो सुइट बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनातच ऐकला असावा.

सप्तसूर

माझे नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभार. होल्स्टचा सुइट सुबक आहे, हे मी नाकारलेले नाही. परंतु सुबक असणे वेगळे आणि मोठे असणे वेगळे. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही बँडप्रेमी मंडळी पहिले नाव होल्स्टचे, दुसरे पर्सी ग्रेंजर या संगीतकाराचे आणि तिसरे व्हॉन विल्यम्सच्या १९२३ च्या लोकगीतांच्या सुइटचे घेतात, यावरून कोठार किती भरलेले आहे ते कळते. शिवाय उसने घेण्यात कमीपणा आहे, असे मी कुठे म्हटले? ग्रामोफोन घरोघर पोहोचण्यापूर्वी लहान गावांतल्या लोकांनी रोसिनी आणि वाग्नर ऐकला तो बँडच्या कृपेने, आणि अमेरिकन बँडप्रमुख सूझाच्या बँडने तर ते काम गावोगाव हिंडून केले. ते बँडचे खरे ऐतिहासिक कार्य आहे. त्याचा अभिमान बाळगायचे सोडून आमचेही स्वतंत्र साहित्य आहे असा हट्ट धरणे मला केविलवाणे वाटते.

दूरदेशी आई

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये तिसरी क्लॅरिनेट वाजवते. आमच्याकडे इंग्लिश लोकगीतांवर बेतलेल्या ग्रेंजरच्या 'लिंकनशर पोझी'तला एक भाग बसवला जात होता, तेव्हा कित्येक आठवडे तिच्या खोलीतून फक्त लांबवलेले सूर आणि 'एक-दोन-तीन-चार-पाच' असे मोजणे ऐकू येत असे. यात गाणे कुठे आहे, असे मी तिला एकदा विचारले, त्यावर ती फार रागावली. कार्यक्रमात मात्र ते लांबवलेले सूर ज्या चालीखाली बसत होते ती चाल वर आली आणि माझ्या शेजारचे आजोबा चक्क उभे राहिले. ऑर्केस्ट्राचे उसने संगीत असते तर याच मुलीला व्हायोलिनच्या जलद ताना क्लॅरिनेटवर काढत बसावे लागले असते. गेल्या वर्षी तेच झाले होते आणि तिने वाद्य सोडण्याची भाषा केली होती.

गांधार

मूळ प्रश्नाला सगळेच बगल देत आहेत. बँड बेसूर वाजतो. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला पितळी वाद्यांच्या त्या जमावात दोन मिनिटे बसवत नाही, मग रचना होल्स्टची असो की आणखी कुणाची. दरवर्षी २९ जानेवारीला विजय चौकातला बीटिंग रिट्रीट दूरचित्रवाणीवर पाहतो आणि दरवर्षी आवाज बंद करून पाहतो.

निवृत्त युफोनियम

गांधार यांनी आवाज बंद करून पाहावे, त्यास माझी हरकत नाही. पण कारण समजून घ्यावे. मी फौजेच्या बँडमध्ये युफोनियम वाजवले आहे आणि पचमढीच्या लष्करी संगीतशाळेत शिकलो आहे. जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीच्या मोकळ्या मैदानात नळीतली हवा गार होते आणि वाद्य उतरते. वादक फुंकत राहिला तर ते थोडे वर येते, पण चार मिनिटे उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहिली की पुन्हा उतरते. ग्लॉकनश्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची पट्टी मात्र जवळजवळ होती तिथेच राहते. म्हणजे एकाच बँडमध्ये एक वाद्य जागेवर आणि बाकीची खाली सरकलेली. त्यातून पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) एकत्र दाबला की सूर मुळातच चढतो. ट्रम्पेटवाला त्या वेळी तिसऱ्या व्हॉल्व्हची सरकनळी बोटाने पुढे ढकलून तो खाली आणतो, आणि तेही कदमताल करताना, हातमोजे घालून. आमच्या वेळी जेवणाच्या समारंभात आम्ही तासभर वाजवत असू आणि साहेब लोक चमच्यांच्या आवाजात गप्पा मारत. तिथे सूर कोण ऐकत होते?

गांधार

कारण कळले म्हणून बेसूर सुरेल होत नाही. शिवाय ही वाद्ये टेम्पर्ड, म्हणजे बारा सारख्या अंतरांत वाटलेल्या, सप्तकासाठी घडवलेली आहेत. त्यांच्यावर देस किंवा भूप वाजवणे हा मला त्या रागांचा अपमान वाटतो.

निवृत्त युफोनियम

अपमान हा शब्द जपून वापरावा. ओठांनी सूर वरखाली करता येतो आणि चांगला विभाग लांबवलेल्या स्वरमेळात गांधार स्वर आपोआप खाली घेतो. पियानोला ते जमत नाही, आम्हाला जमते. आपण घरात हीटर लावून आम्हाला बेसूर म्हणता, हे मात्र अवश्य लिहून ठेवावे.

खर्ज

सुरांचे भांडण रंगले आहे, पण ते याच विषयातले आहे, कारण बँडसाठी मुद्दाम लिहिलेल्या रचनेत ही सगळी गणिते आधीच केलेली असतात आणि उसन्या रचनेत ती वादकाच्या माथी मारली जातात. सप्तसूर यांनी कोठाराबद्दल विचारले, म्हणून कारेल हुसाच्या 'म्युझिक फॉर प्राग १९६८' चे नाव घेतो. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत नेतृत्वाखालच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा हा चेक संगीतकार अमेरिकेत होता. सुरुवातीला एकटा पिकोलो वाजतो, तिसरा भाग केवळ तालवाद्यांचा आहे, मधूनमधून प्रागच्या घंटा आहेत, आणि सगळ्याच्या मुळाशी हुसाइट या चेक धर्मसुधारकांचे पंधराव्या शतकातले युद्धगीत आहे. ही रचना बँडसाठी लिहिली गेली आणि ऑर्केस्ट्रासाठी तिचे रूपांतर हुसाने नंतर केले. होल्स्टच्या १९३० च्या 'हॅमरस्मिथ'चीही तीच गोष्ट आणि शोनबर्गच्या १९४३ च्या 'थीम अँड व्हेरिएशन्स'चीही तीच. आता उसने कोणी घेतले?

सप्तसूर

हुसा मान्य. मान्य न करून सांगतो कोणाला, ऑर्केस्ट्राच्या रूपात ती रचना पातळ वाटते हे मलाही जाणवले होते आणि दोष मी वादकांना देत होतो. हिंडेमिथची १९५१ ची बी-फ्लॅट सिम्फनीही आपण सांगणारच, म्हणून तीही आधीच देऊन टाकतो. परंतु या रचना वाजवतो कोण? बँडचा संचालक फेनेल याने १९५२ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला ईस्टमन विंड एन्सेम्बल हा लहान वाद्यताफा काढला तेव्हा प्रत्येक वाद्याच्या ओळीला एकच वादक ठेवला, कारण गर्दीच्या बँडकडून असे काम होत नाही हे त्याला कळत होते. 'लिंकनशर पोझी'चे १९३७ मधले पहिले वादन मिलवॉकीत झाले, वादकांत बिअरच्या कारखान्यांच्या बँडांतले लोक होते आणि सहापैकी तीनच भाग त्यांना झेपले. म्हणजे आपले उत्तम साहित्य आपल्याच बँडांना पेलत नाही.

दूरदेशी आई

त्या तीनच भागांवरून हिणवणाऱ्यांनी त्याच रचनेतला 'रफर्ड पार्क पोचर्स' हा भाग एकदा वाजवून दाखवावा. ग्रेंजरने १९०६ च्या सुमारास फोनोग्राफ घेऊन लिंकनशरमधल्या म्हाताऱ्या गायकांची गाणी उतरवली, आणि ते गायक जिथे थांबत, जिथे अर्धी मात्रा खात, ते सगळे त्याने तसेच ठेवले. माझी मुलगी मोजत होती ते हेच. बिअर कारखान्यातल्या माणसांनी दिवसभराच्या कामानंतर त्यातले अर्धे वाजवले, हे मला मुळीच कमी वाटत नाही.

गांधार

अर्धी मात्रा खाणारे म्हातारे गायक कुठे ऐकायला मिळतील? बँड नको, ते मूळ ध्वनिमुद्रण हवे आहे.

निवृत्त युफोनियम

त्यांतल्या जोसेफ टेलरची ध्वनिमुद्रणे १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने काढली होती, शोधल्यास सापडतील. पण आधी बँडचे ऐकावे, आणि हीटर बंद करून ऐकावे.