मलेशिया व्हिसा फ्री आहे ना? गुरुवारी निघायचंय, लवकर सांगा

खडकवासलेकर (सोमवार, रात्री १०:४०)
भारतीयांना मलेशियाचा व्हिसा लागत नाही, बरोबर? मी, बायको, आई-बाबा असे चौघे आहोत. गुरुवारी पहाटेचं विमान. हॉटेलं झाली, परतीची तिकिटंही झाली. आज जेवताना मेहुणा म्हणाला, "तुम्हाला चेक-इनवरूनच घरी पाठवतील." आईने तेव्हापासून बॅग भरणं थांबवलंय. मला फक्त हो की नाही एवढंच हवंय.

नाना_डोंबिवलीकर
बिनधास्त जा. आम्ही पासपोर्ट घेऊन थायलंडला असेच गेलो होतो. त्यांनी २०२४ च्या जुलैत व्हिसाविना राहायचे ३० चे ६० दिवस केले. फुकेतपेक्षा क्राबी बघा, गर्दी कमी.

मोरपीस
नाना, त्यांनी मलेशियाचं विचारलंय.
खडकवासलेकर, १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवसांपर्यंत सूट आहे आणि तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलीय. मात्र पासपोर्ट निदान सहा महिने शिल्लक हवा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचे कागद हाताशी हवेत. डिजिटल अरायव्हल कार्ड भरलंत का? पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती बंद करा.

खडकवासलेकर
पासपोर्ट चौघांचेही २०३० च्या पुढचे. अरायव्हल कार्डं मघाशीच भरली, ईमेलही आल्या. म्हणजे मेहुणा नेहमीसारखाच बोलला. धन्यवाद, धागा बंद केला तरी चालेल.

तिरकस
मेहुणा असं का म्हणाला ते लिहिलंच नाहीत.

सुगरण
आईंसाठी मेतकूट आणि भाजलेले पोहे घ्या. माझ्या सासूबाई चार दिवस केळ्यांवर होत्या.

क्वालालंपूरकर
इथे नऊ वर्षं राहतोय म्हणून विचारतो. तिकीट कुठून कुठे आहे?

खडकवासलेकर
मुंबई–सिंगापूर. तिथून बसने मलेशियातलं जोहोर बाहरू, मग मलाक्का, मग क्वालालंपूर. परतीचं विमान क्वालालंपूरहून. सिंगापुरात मुक्काम नाही, संध्याकाळी मरीना बे बघून बस पकडायची. असं केल्याने माणशी साडेतीन हजार वाचले. राहणार नाही म्हणून वर लिहिलं नाही.

क्वालालंपूरकर
मेहुण्याला चहा पाजा. मलेशियाची सूट मलेशियापुरती. सिंगापूरला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि चांगी विमानतळाच्या इमिग्रेशनबाहेर पाऊल टाकल्याशिवाय बस मिळणार नाही. मुक्काम असो वा नसो. आता त्या ईमेल उघडा आणि वरचं नाव वाचून दाखवा.

खडकवासलेकर
"एसजी अरायव्हल कार्ड". खाली लिहिलंय की हा व्हिसा नाही. मी चौघांची भरली हो, तासभर बसून.

मोरपीस
ते सिंगापूरचं. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे एमडीएसी, अजून भरायचंच आहे.
कुणाकडे अमेरिका, इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया यांपैकी कुठला चालू व्हिसा आहे का? असेल तर पुढच्या देशात जाताना सिंगापूर भारतीयांना ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट देतं.

खडकवासलेकर
आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे, ताईकडे जाऊन आलेत. आमच्याकडे नाही.

क्वालालंपूरकर
तरी जमत नाही. त्या सवलतीत सिंगापुरातून विमानाने किंवा बोटीने बाहेर पडावं लागतं, बस चालत नाही. शिवाय आत सोडायचं की नाही हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो.

तिरकस
म्हणजे आई-बाबा मरीना बेला आणि मुलगा-सून मुंबईच्या काउंटरवर.

नाना_डोंबिवलीकर
आपल्याला इतके देश व्हिसा फ्री झाले ही अभिमानाची गोष्ट आहे. पासपोर्टची ताकद वाढली.

तिरकस
नाना, त्यांना आपलं पाकीट हवंय. मलेशियाचं २०२६ हे पर्यटन वर्ष आहे आणि सूटही त्याच वर्षाअखेरीपर्यंत, जुळवून बघा. पटलं नाही की सूट जातेही. इराणने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपली काढून घेतली, कारण एजंट लोक व्हिसा लागत नाही या नावाखाली नोकरीची आमिषं दाखवून पोरांना तिकडे नेत होते आणि तिथे त्यांना पळवून खंडणी मागितली जात होती.

मोरपीस
भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. माणूस परवा रात्री निघतोय.

खडकवासलेकर (मंगळवार, दुपारी १:१५)
दादरच्या एजंटशी बोललो. सिंगापूरच्या व्हिसाला तीन-चार कामाचे दिवस धरा म्हणाला, बुधवारची खात्री देत नाही. चांगीवर उतरून आतल्या आत क्वालालंपूरचं विमान पकडलं तर?

क्वालालंपूरकर
एकाच बुकिंगवर सगळं असेल आणि बॅगा थेट क्वालालंपूरपर्यंत टॅग होत असतील तर चालतं. दोन वेगळी स्वस्त तिकिटं काढलीत तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागेल, आणि गाडी पुन्हा त्याच दारात. मुंबईतला चेक-इनवाला नेमकं हेच बघतो, कारण परत पाठवलेल्या प्रवाशाला आणायची जबाबदारी विमान कंपनीवर पडते. मी असतो तर सरळ क्वालालंपूरचं घेतलं असतं.

खडकवासलेकर (मंगळवार, रात्री ९:०५)
मुंबई–चेन्नई–क्वालालंपूर मिळालं, गुरुवारीच रात्री. जुन्या तिकिटाचे फक्त कर परत येणार. वाचवलेले चौदा हजार गेले, वर अजून बावीस. एमडीएसी चौघांची भरली, या वेळी देशाचं नाव दोनदा वाचलं. आई पुन्हा बॅग भरायला लागलीय. मेहुण्याला अजून काही कळवलेलं नाही आणि कुणी कळवू नये, तोही इथे वाचत असतो.

क्वालालंपूरकर
छान. बाटू केव्हजच्या गुहामंदिराला २७२ पायऱ्या आहेत, सकाळी आठच्या आत जा, नाहीतर बाबांना उन्हाचा त्रास होईल. माकडांसमोर पिशवी उघडू नका.

खडकवासलेकरांचा_मेहुणा
चहा कधी?

नाना_डोंबिवलीकर
थायलंडची माहिती कुणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.